घरच्या फाइली डिस्कवर उतरवताना

हार्ड डिस्कमधला तो आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हा रात्रीचे अकरा वाजून गेले होते. आईचे जुने फोटो शोधत होते. एका फोल्डरवर क्लिक केलं आणि कॉम्प्युटर थबकला. आतून टक्, टक्, टक्. थोडी शांतता, की पुन्हा टक्, टक्. बऱ्याच वेळाने फोटो उघडला, पण वरचा निम्माच. खाली नुसता करडा पट्टा.

दादाला फोन लावला.

"आईच्या फोटोंची डिस्क आवाज करतेय रे."

"चालू आहे अजून? आधी बंद कर. तिच्यावर काही सेव्ह करू नकोस, आणि ती दुरुस्तीची प्रोग्रॅम तर अजिबात चालवू नकोस."

"मग करू काय?"

"आत्ता काही नाही. सकाळी एका कागदावर लिही, त्यातलं सगळ्यात मोलाचं काय आहे ते. डिस्क पुन्हा सुरू करायची ती फक्त तेवढं उचलायला."

तो कागद मी जपून ठेवलाय. पहिल्या ओळीवर लिहिलंय 'आईचा आवाज'. २००८ आणि २००९ मध्ये आईला समोर बसवून, तिच्या लहानपणापासूनचं विचारत मी एकोणीस रेकॉर्डिंग केली होती. आई आता नाही. तिचा तेवढाच आवाज आमच्याकडे आहे. दुसऱ्या ओळीवर फोटो, तिसऱ्यावर मिनी डीव्ही टेपवरून कॉम्प्युटरमध्ये उतरवलेलं चित्रण, चौथ्यावर बाबांनी स्कॅन करून ठेवलेली पत्रं. गाणी, सिनेमे, सॉफ्टवेअर यांना कागदावर जागा मिळाली नाही. ते पुन्हा मिळवता येतं.

दुसऱ्या दिवशी दादाने फोनवरून सांगत सांगत माझ्याकडून डीडीरेस्क्यू हे बिघडलेल्या डिस्कवरून माहिती उचलणारं सॉफ्टवेअर चालवून घेतलं. साध्या कॉपी-पेस्टमध्ये आणि यात मोठा फरक आहे. कॉपी करताना एखादी जागा वाचता आली नाही की कॉम्प्युटर तिथेच अडून बसतो, तीच जागा पुन्हा पुन्हा वाचायला बघतो आणि आधीच थकलेल्या डिस्कला आणखी थकवतो. डीडीरेस्क्यू आधी सहज वाचता येणारं सगळं उचलून घेतं, अवघड जागा एका नकाशात टिपून ठेवतं आणि शेवटी त्यांच्याकडे वळतं. मध्येच थांबवलं तरी नकाशा राहतो, पुढे तिथूनच सुरू करता येतं. दोन रात्री आणि एक दिवस ते चाललं. नव्या डिस्कवर जवळपास सगळं आलं. अकरा फोटो आले नाहीत, आणि सातव्या रेकॉर्डिंगचा शेवटचा भाग आला नाही. त्यात आई तिच्या शाळेबद्दल बोलत होती. वाक्य अर्ध्यावर तुटायचं आणि पुढे शांतता.

नव्या डिस्कवर प्रत झाली म्हणजे काम झालं, असं मला तेव्हा वाटलं नाही. फिरणारी एक वस्तू बिघडली म्हणून आम्ही फिरणाऱ्या दुसऱ्या वस्तूवर सगळं ठेवलं होतं, इतकंच.

"क्लाउडवर टाक ना सगळं," मुलगी म्हणाली. तिथे एक प्रत मी ठेवतेच. पण दोन वर्षांपूर्वी लॅपटॉपवर जागा करायची म्हणून मी एक फोल्डर काढून टाकलं होतं. मूळ प्रत ऑनलाइन आहे या समजात. ते फोल्डर सिंक होत होतं. इथून पुसलं ते तिथूनही पुसलं गेलं आणि माझ्या लक्षात आलं तेव्हा पुसलेलं परत मिळण्याची मुदत संपली होती. तेव्हापासून माझ्या मनात एकच होतं: एक तरी प्रत अशी हवी, जी माझ्याच हातून पुसली जाणार नाही.

एकदाच लिहिता येणारी डिस्क नेमकी तशी असते. सीडी-आर आणि डीव्हीडी-आरमध्ये सेंद्रिय रंगाचा एक पातळ थर असतो. लिहिताना लेझर तो थर ठिकठिकाणी तापवतो आणि तिथला रंग कायमचा बदलतो. तो पुन्हा पहिल्यासारखा होत नाही. कुठल्याही कमांडने नाही, कुठल्याही व्हायरसने नाही. आरडब्ल्यू डिस्कचं तसं नसतं. तिच्यात मिश्रधातूचा थर असतो, जो तापवून पुन्हा कोरा करता येतो. म्हणून जपून ठेवायच्या कामासाठी मी आरडब्ल्यू बाजूलाच ठेवल्या.

पण नवी डिस्क लिहिण्याआधी जुन्या किती टिकल्या ते बघायचं ठरवलं. माळ्यावरच्या खोक्यात आमच्या जुन्या सीडी होत्या, २००३ ते २०१० मधल्या. अडतीस निघाल्या. पुढचा आठवडाभर रोज संध्याकाळी त्या एकेक करून वाचल्या.

बहुतेक उत्तम वाचल्या गेल्या. वीस वर्षांपूर्वी लिहिलेली सीडी ट्रेमध्ये घातल्यावर फोल्डर पटकन उघडतात तेव्हा काय वाटतं, ते मला नीट सांगता येणार नाही. काही डिस्क मात्र वाचता वाचता अडकत होत्या, ड्राइव्ह वेग कमी करून पुन्हा पुन्हा वाचायचा. आणि तीन डिस्कनी मला जे शिकवलं, त्यावर पुढचं सगळं काम उभं राहिलं.

पहिलीवर मी बॉलपेनने नाव लिहिलं होतं. सीडी उजेडासमोर धरली तर त्या अक्षरांमधून दिव्याचा उजेड आरपार दिसत होता. सीडीची खालची चकचकीत बाजू आपण जपतो, पण धोका वरच्या बाजूला जास्त असतो. माहितीचा थर सुमारे १.२ मिलिमीटर जाडीच्या प्लॅस्टिकच्या अगदी वरच्या अंगाला, लेबलच्या बाजूला असतो. त्याच्यावर धातूचा तलम थर आणि लाखेचं आवरण, बस. पेनाचं टोक सरळ तिथपर्यंत पोचतं. खालच्या बाजूचा ओरखडा पुष्कळदा पॉलिश करून घालवता येतो. वरून गेलेला गेलाच. ती अक्षरं डिस्कच्या बाहेरच्या कडेजवळ होती आणि सीडी आतून बाहेर लिहिली जाते, त्यामुळे शेवटची दोन फोल्डर तेवढी गेली.

दुसरीवर कागदी लेबल चिकटवलेलं होतं. एका बाजूने ते सुटून वर आलं होतं आणि सुटताना खालचा चंदेरी थरही थोडा सोबत घेऊन आलं होतं. ती वाचायचा प्रयत्नच केला नाही. वेगाने फिरताना लेबल पूर्ण सुटलं असतं तर ड्राइव्हही गेला असता.

तिसरी डिस्क 'घर, २००९' नावाची. तिच्यात फक्त चौदा फोटो दिसले. बंद करून ठेवणार होते, पण डिस्क हातात तिरकी धरली तेव्हा खालच्या बाजूला रंगाचा फरक दिसला. लिहिलेला भाग थोडा गडद असतो, कोरा भाग फिका, आणि मध्ये स्पष्ट कड. या डिस्कवर गडद भाग जवळपास दोन तृतीयांश होता. चौदा फोटोंना एवढी जागा कशी लागेल?

दादाला विचारलं. तो क्षणभर थांबला. "एका वेळी नसेल लिहिली. सेशन असतील अनेक."

झालं होतं असं. त्या काळी सीडी पूर्ण भरेपर्यंत आम्ही तिच्यात थोडं थोडं लिहायचो. प्रत्येक वेळी एक नवं सेशन तयार होतं आणि कॉम्प्युटर दाखवतो तो शेवटच्या सेशनचा तक्ता. नवं सेशन लिहिताना जुना तक्ता सोबत घेतला नाही, तर आधीच्या फाइली डिस्कवर तशाच राहतात, पण दिसेनाशा होतात. डिस्कवरची सगळी सेशन दाखवणाऱ्या आयसोबस्टर या सॉफ्टवेअरमध्ये ती डिस्क उघडली तेव्हा चार सेशन दिसली. दुसऱ्या सेशनमध्ये सहा फाइली होत्या, नावं साधी, रेकॉर्डरने दिलेली. चौथी उघडली. आई तिच्या शाळेबद्दल बोलत होती. वाक्य तुटलं त्या जागेपाशी आले, आणि वाक्य पुढे गेलं. शाळेच्या बाईंचं नाव, पावसात भिजलेल्या वह्या, मग ती हसली आणि म्हणाली, "आता बंद कर ते."

सातवं रेकॉर्डिंग पूर्ण होतं.

त्यानंतर या कामाला मी वेळ मोजला नाही.

नव्या डिस्क करायच्या म्हणजे आधी निवड. सगळा वेळ तिथेच जातो, डिस्क लिहिण्यात नाही. एकच फोटो फोनमधून, कॅमेऱ्यातून आणि कुणीतरी पाठवलेला अशा तीन ठिकाणी पडलेला असतो. सारख्या फाइली शोधणारी प्रोग्रॅम फक्त हुबेहूब सारख्या फाइली पकडतात. पाठवताना लहान झालेला फोटो त्यांना वेगळाच वाटतो. ते डोळ्यांनीच बघावं लागलं. फोटो, रेकॉर्डिंग, पत्रं आणि कागदपत्रं मिळून सेहेचाळीस गिगाबाइट उरलं. टेपवरचं चित्रण वेगळं.

मग हिशोब. डीव्हीडीच्या डब्यावर ४.७ जीबी लिहिलेलं असतं. ते हजाराच्या पटीत मोजलेलं, म्हणजे ४७० कोटी बाइट. कॉम्प्युटर मोजतो १०२४ च्या पटीत, म्हणून तीच डिस्क त्याला ४.३८ गिगाबाइटची दिसते. ही तफावत माहीत नसेल तर ४.६ चं फोल्डर आनंदाने तयार होतं आणि शेवटी बसत नाही. मी तर ४.३८ पण भरायचं नाही असं ठरवलं होतं. प्रत्येक डिस्कवर ३.७ च्या आसपास थांबायचं. का, ते पुढे येईल. तेरा डिस्क झाल्या.

फोल्डर तोडताना एक गोष्ट पाळली: प्रत्येक डिस्क स्वतःपुरती पूर्ण हवी. मोठी झिप फाइल करून तिचे तुकडे तेरा डिस्कवर टाकायचे नाहीत. तसं केलं तर एक डिस्क गेली की तेराही गेल्या. साध्या फाइली, साधी फोल्डर, वर्षाप्रमाणे. पासवर्डही नाही. वीस वर्षांनी उघडणाऱ्या माणसाला माझा पासवर्ड कोण सांगणार?

नावांनी मात्र दोन दिवस खाल्ले. माझ्या फाइलींची नावं देवनागरीत आणि लांबलचक. डिस्कवर फाइली मांडायची जुनी जोलिएट पद्धत युनिकोड घेते, पण एका नावाला चौसष्ट अक्षरंच देते. देवनागरीत ही चौसष्ट फार लवकर संपतात, कारण काना, वेलांटी, अनुस्वार, हलन्त हे सगळे वेगवेगळे मोजले जातात. 'क्रां' हे आपल्याला एक अक्षर वाटतं, कॉम्प्युटरच्या लेखी ती पाच आहेत. चाचणीसाठी केलेल्या पहिल्या डिस्कवर माझी नावं शेपटाकडून कापली गेली होती, आणि तारखा नेमक्या शेपटाला होत्या. यूडीएफ पद्धतीत जवळपास दुप्पट लांबीची नावं बसतात, म्हणून ती निवडली. तरीही तारखा नावाच्या सुरुवातीला आणल्या, वर्ष-महिना-दिवस अशा क्रमाने. त्यामुळे फाइली आपोआप काळाप्रमाणे लागतात.

दादाने त्याच्याकडच्या दोनपैकी एक ब्लू-रे राइटर पाठवला होता. यूएसबीवर चालणारा, सीडी आणि डीव्हीडीही लिहिणारा. कोरी डिस्क घातली की विंडोज विचारतं, ही यूएसबी फ्लॅश ड्राइव्हसारखी वापरायची की सीडी/डीव्हीडी प्लेअरसाठी? पहिला पर्याय सोयीचा वाटतो, फाइली ओढून टाकता येतात. पण तशी डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरवर वाचली जाईलच असं नाही. जपायच्या डिस्कसाठी दुसराच पर्याय, एका वेळी सगळं लिहून डिस्क बंद करायची. 'घर, २००९' नंतर मला हे वेगळं पटवून द्यावं लागलं नाही. पुढे तर मी तो प्रश्नही टाळला. आधी पूर्ण डिस्कची इमेज फाइल, म्हणजे अख्ख्या डिस्कचा मजकूर एकाच फाइलमध्ये, तयार करायची आणि इमेज लिहायची. संच दोन करायचे होते, एक माझ्याकडे, एक दादाकडे. असं केलं की दोन्ही संचांतली डिस्क बाइटन्-बाइट सारखी होते.

पहिली डीव्हीडी साठ टक्क्यांवर थांबली. दुसरीही, जवळपास तिथेच. डिस्क खराब असाव्यात म्हणून डबा बदलणार होते. दादाने विचारलं, "राइटर कुठे लावलायस?" राइटर एका यूएसबी हबवर, म्हणजे एका पोर्टाचे अनेक पोर्ट करणाऱ्या डबीवर, लावला होता आणि त्याच हबवर बाहेरची हार्ड डिस्क. लिहिताना लेझरला वाचण्यापेक्षा बरीच जास्त शक्ती लागते आणि ती याच वायरीतून येते. दोघांना मिळून ती पुरत नव्हती. राइटर थेट कॉम्प्युटरच्या मागच्या पोर्टला लावला, त्याची दुसरी पिनही जोडली. त्यानंतर एकही डिस्क मध्येच थांबली नाही.

तिसरी शेवटपर्यंत गेली. हिरवी खूण आली, ट्रे बाहेर आला. फोल्डर उघडलं, फोटोंची लहान चित्रं सगळी दिसली. इथे बहुतेक जण थांबतात. पूर्वी मीही थांबत होते. पण लहान चित्रं दिसणं ही फोटो शाबूत असल्याची खूण नाही. बहुतेक कॅमेरे फोटोच्या फाइलमध्येच, अगदी सुरुवातीला, एक छोटं चित्र वेगळं ठेवतात. खिडकीत दिसतं ते पुष्कळदा तेच. मूळ फोटो निम्मा तुटलेला असला तरी ते छान दिसतं. माझ्या बिघडलेल्या डिस्कवरच्या त्या करड्या पट्ट्याच्या फोटोचंही लहान चित्र अखंड दिसत होतं.

खरी तपासणी म्हणजे चेकसम. डिस्क लिहिण्याआधीच मी प्रत्येक फाइलचा एसएचए-२५६ काढून यादी करून ठेवली होती. फाइल केवढीही असो, तिच्यातून चौसष्ट अक्षरांची एक ओळ निघते. फाइलमधला एक बिट जरी बदलला तरी ती ओळ पूर्ण वेगळी होते. डिस्क लिहून झाली की ती बाहेर काढायची. हे महत्त्वाचं, नाहीतर कॉम्प्युटर नुकतंच वापरलेलं स्वतःच्या स्मृतीतूनच वाचून दाखवू शकतो. मग ती दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालायची. माझ्या कॉम्प्युटरमध्ये जुना डीव्हीडी ड्राइव्ह होताच. लिहिणारा वेगळा, वाचणारा वेगळा. लिहिणारा ड्राइव्ह स्वतःचं अक्षर ओळखतो, दुसऱ्याला ते लागतं का हा प्रश्न असतो.

तिसऱ्या डिस्कमधल्या चार फाइली जुळल्या नाहीत. चारही यादीच्या शेवटच्या, म्हणजे डिस्कच्या बाहेरच्या कडेला. मी सोळा पटीच्या वेगाने लिहिलं होतं. त्या वेगाने लिहिताना डिस्कची बाहेरची कड लेझरखालून सगळ्यात वेगाने सरकते, आणि कडेजवळच रंगाचा थर कमी-जास्त असण्याची शक्यता अधिक. वेग आठ पटीवर आणला. एका डिस्कला आठ-नऊ मिनिटं लागू लागली, तपासायला जवळपास तेवढीच. तेरा डिस्क, दोन संच. पुढे फक्त एकच डिस्क जुळली नाही, तीही पुन्हा केली.

न जुळलेल्या डिस्क मी लगेच मोडून टाकल्या. 'बऱ्याचशा चांगल्या' डिस्कचा ढीग घरात राहिला की काही वर्षांनी तोच बॅकअप समजला जातो.

आता ती ३.७ ची गोष्ट. उरलेली जागा रिकामी नव्हती. डीव्हीडिझास्टर नावाची प्रोग्रॅम इमेजच्या पुढे दुरुस्तीची माहिती जोडते. मूळ फाइली आतल्या भागात, दुरुस्तीचा भाग त्यांच्या पुढे, कडेपर्यंत. पुढे डिस्कचा काही भाग वाचता आला नाही, तर उरलेल्यावरून तो गणिताने परत काढता येतो. यामागचं गणित इर्व्हिंग रीड आणि गुस्ताव्ह सॉलोमन यांनी १९६० मध्ये मांडलं. प्रत्येक सीडी आणि डीव्हीडीत ते आधीपासून असतंच. ट्रॅकच्या दिशेने सीडीवरचा सुमारे अडीच मिलिमीटरचा सलग ओरखडा त्या अंगभूत दुरुस्तीनेच भरून निघतो. म्हणूनच सीडी पुसायची ती मधल्या भोकापासून कडेकडे सरळ. गोल गोल पुसताना कण घासला तर ओरखडा ट्रॅकच्या बाजूने लांबत जातो आणि अडीच मिलिमीटर केव्हाच ओलांडतो. डीव्हीडिझास्टर हीच ताकद वाढवते. माझ्या डिस्कवर मूळ माहितीच्या साधारण अठरा टक्के इतकी दुरुस्तीची माहिती बसली.

खात्री हवी होती. म्हणून एक जास्तीची डिस्क केली आणि तिच्यावर मुद्दाम, टोकदार खिळ्याने, दोन ठळक रेघा ओढल्या. साध्या कॉपीत अकरा फाइली अडल्या. डीव्हीडिझास्टरने डिस्क जमेल तेवढी वाचली, दीड तास घेतला, मग इमेज दुरुस्त केली. अकराच्या अकरा फाइलींचे चेकसम जुळले. मुलगी शेजारी बसून बघत होती. तिलाही आता यादी कशी तपासायची ते येतं, आणि या सगळ्या खटाटोपात मला त्याचं फार समाधान आहे.

टेपवरच्या चित्रणाला डीव्हीडी पुरत नव्हती. मिनी डीव्हीचा एक तास म्हणजे जवळपास १३ जीबी. तेच लहान करून ठेवता आलं असतं, पण लहान करताना जे जातं ते परत येत नाही. म्हणून २५ जीबीच्या ब्लू-रे डिस्क घेतल्या. दोन टेप एकीवर बसता बसता राहतात, त्यामुळे एका डिस्कवर एक टेप आणि उरलेल्या जागेत निवडक फोटोंची आणखी एक प्रत. घेताना वेष्टणावर 'एलटीएच' लिहिलेल्या टाळल्या. त्यांच्यात पुन्हा सेंद्रिय रंगच असतो, तर नेहमीच्या ब्लू-रेमध्ये असेंद्रिय थर. चार पटीच्या वेगाने एकेक डिस्क वीस-बावीस मिनिटांत झाली. ब्लू-रेमध्ये माहितीचा थर वाचायच्या बाजूपासून जेमतेम ०.१ मिलिमीटर आत असतो. वर कठीण लेप असला तरी मी त्यांना कडेलाच धरते.

या डिस्क पुढे किती काळ मिळतील हा प्रश्न आहेच. पॅनासॉनिकने लिहिता येणाऱ्या ब्लू-रे डिस्कचं उत्पादन २०२३ मध्ये थांबवलं, सोनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये, आणि त्याच वेळी मिनी डीव्ही कॅसेटचंही. इतर उत्पादक अजून आहेत. पण डिस्क जपायची तर ती वाचणारा ड्राइव्हही जपायला हवा, म्हणून एक जास्तीचा ड्राइव्ह मी न वापरता डब्यात ठेवलाय.

नावं लिहिली ती पाण्याच्या शाईच्या मऊ मार्करने, मधल्या पारदर्शक कड्यावर, फक्त क्रमांक आणि तारीख. बाकी सगळं वहीत. कोणत्या क्रमांकावर काय आहे, कोणत्या ड्राइव्हने लिहिली, केव्हा तपासली, पुढे केव्हा तपासायची. तीच यादी साध्या टेक्स्ट फाइलमध्ये प्रत्येक डिस्कवर आहे. डिस्क प्लॅस्टिकच्या पातळ पाकिटात नाहीत, कडक डब्यांत आहेत, उभ्या, अंधाऱ्या कोरड्या कपाटात. अमेरिकेच्या एनआयएसटी या संस्थेने २००३ मध्ये सीडी-डीव्हीडी जपण्याबद्दल एक मार्गदर्शिका काढली होती. तिच्यातही हेच आहे: उभ्या ठेवा, थंड, कोरड्या, अंधाऱ्या जागी. ऊन त्या रंगाचा शत्रू आहे.

दुसरा संच दादाकडे, दुसऱ्या गावात. त्याचा राइटरही त्याच खोक्यात परत पाठवला. खोकं पोचल्यावर मी त्याला सांगितलं की यादीतली प्रत्येक डिस्क तुझ्या दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घाल आणि चेकसम तपास, प्रवासात काय झालं असेल सांगता येत नाही. तो हो म्हणाला आणि तीन दिवस त्याचा फोन नाही.

चौथ्या दिवशी रात्री फोन आला. "सतराच्या सतरा जुळल्या," तो म्हणाला.

"सगळ्या तपासल्यास? ब्लू-रेसुद्धा?"

"अगं, सगळ्या. वेळ वेगळ्याच गोष्टीत गेला."

त्याने फोन कॉम्प्युटरच्या स्पीकरजवळ नेला. एक नंबरची डिस्क, सातवं रेकॉर्डिंग. पावसात भिजलेल्या वह्या. आम्ही दोघं काही न बोलता ऐकत राहिलो, आई "आता बंद कर ते" म्हणेपर्यंत.